झाकणांची अदलाबदल

मिरज, फेब्रुवारी १९६५

प्रिय सोप्या,

मी करू नये ते केलं रं. ज्या थुंकीवर डाक्तरांनी तुला बरा म्हणून घरी सोडलं, ती थुंकी तुझी नव्हती. माझी हुती. सोडायच्या आधी तपासायला थुंकी घेतली, त्या तिन्ही सकाळी मीच आपल्या डब्यांची झाकणं बदलली. खाटंचा नंबर झाकणावर लिवल्याला, डबीवर कायबी न्हाई, येवढं बघितल्यावर माझा हात गप बसंल व्हय? वार्डातली आया रंगुबाई डब्या दारात ठिवायला लावायची आन् तोंडाला पदर लावून चहा आणायला जायची. तेवढ्यात काम फत्ते.

तवा लय गंमत वाटली. माझ्या छातीतलं क्षयाचं जंतू आधीच मेल्यालं, मला त्याच आठवड्यात सोडणार हुते. आन् तू? पोरगं झालं म्हणून माणातनं, तुझ्या घरनं सांगावा आला, तवापास्नं घोंगडं डोक्यावर घिऊन पडायचास. हुंदका आला की खोकल्याचं सोंग करायचास. मला कळत नव्हतं व्हय? म्हनलं, जाऊ दे ह्येला घरी, पोराचं तोंड बघू दे. आपण खाऊ आनखी काय दिवस दवाखान्याची फुकट अंडी. फलटणला जाऊन मी तरी काय करणार, उसाला पाणीच पाजणार.

दिवाळी झाल्यावर तू निघालास, तवा डाक्तर म्हनलं, "केरबा, तुझा मैतर सुटला, तू का मागं ऱ्हायलास रं?" मी म्हनलं, "आवं डाक्तर, हितली आमटी सोडवंना." सगळा वार्ड हसला. तूबी हसलास. पिशवी खांद्याला मारून दारात वळलास आन् म्हनलास, "गड्या, गोळ्या येळंवर खा, म्हंजी सुटशील." मलाच उपदेश!

पर थुंकी दुर्बिणीच्या काचंखाली बघितली म्हंजी झालं, असं नसतंय सोप्या. त्या मागच्या खोलीत अंडी फोडून काचंच्या नळीत वाफवत्यात आन् त्यावर आपली थुंकी पेरत्यात. नळी उबंला ठिवायची, महिना-दीड महिन्यानं जंतू उगवत्यात. मग ते औषध घातलेल्या नळीत पुन्ना पेरायचं, कंच्या औषधाला मरत्यात ते बघायला. मी पडलो चोंबडा, म्हणून डाक्तरांनी बोलवून मला माझ्या नावाची, म्हंजी तुझ्या थुंकीची, नळी दावली. पिवळट, रवाळ, पिठाचा चुरा सांडल्यागत. शेजारी रोजच्या गोळीचं औषध घातलेली नळी हुती, तिच्यातबी तसंच दाट उगवल्यालं. डाक्तर म्हनलं, "केरबा, तुझं जंतू ह्या गोळीला भीक घालत न्हाईत. आता सुया आन् दुसरं औषध." आन् माझ्या पाठीवर हात ठिवला. त्यो हात तुझ्या पाठीवर पडायचा हुता रं. तू घरी येळंवर खातोयस, त्याच ह्या गोळ्या.

तरीबी मी गप बसलो. सुया टोचून घेतल्या, म्हनलं हीच आपली शिक्षा. मग परवा तुझं पत्र आलं. तू लिवलंस, वाईच खोकला हाय, पर पोरगं छातीवर घेतल्याबिगर झोपत न्हाई. संगं अंजना वैनीनं धाडलेलं शेंगदाण्याचं लाडू. वार्डात सगळ्यास्नी वाटून टाकलं, माझ्या वाटणीचा तसाच फडक्यात बांधून ठिवलाय.

तसाच उठून डाक्तरांकडं गेलो आन् सगळं वकलो. वाटलं कानफडात हाणतील. हाणलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कपाटातली वही काढली. कंच्या औषधानं कोण बरा झाला ह्येची त्यांची वरसाची मांडणी तिच्यात हाय. तुझं नाव बऱ्या झालेल्यांत, माझं उरलेल्यांत. दोन्ही खोडली. म्हनलं, "ज्याला सुया पायजेत त्याला घरी धाडला, आन् बऱ्या माणसाला टोचत बसलो." येवढंच. माझ्याकडं बघितलंबी न्हाई.

ते तुला कार्ड टाकणार हुते. मी पाय धरलं. तुमच्या गावात कार्ड आधी पोस्टमन वाचतो, मग चावडी, मग तू. म्हणून ह्यो बंद लिफाफा. सोप्या, आत्ता पोरगं छातीवर असंल तर आधी खाली ठिव. मग फुडचं वाच. उद्याच्या यष्टीनं निघ. वैनीला आन् पोराला संगं आण, दोघांस्नीबी तपासायचं हाय. दुसऱ्या औषधाला तुझं जंतू मरत्यात, ते नळीत दिसलंय, पर येळ घालवू नगंस. हित आल्यावर मला काय हाणायचं ते हाण, मी हात वर करणार न्हाई.

फकस्त वैनीला सांगू नगंस. डाक्तरांनी तपासायला बोलवलंय, येवढंच म्हण. ती मला भाऊ मानती रं. माझ्या मस्करीनं ह्यो रोग तिच्या पोराच्या अंथरुणात नेला, हे तिला कळलं तर मी जगात कुठं तोंड दावू? लिफाफा चुलीत घाल. तिला न्हाई, भावकीला न्हाई, यष्टीत शेजारी बसंल त्यालाबी न्हाई. पाया पडतो गड्या, कुणाला म्हंजी कुणाला सांगू नगंस.

तुझाच, पर तुझ्या म्होरं उभं ऱ्हायची लाज वाटणारा,
केरबा