सगळ्या गाड्या एकदम थांबल्या पाहिजेत

३ मार्च, सोमवार

आठ वेगळे! आमच्या मालकांनी, योगराजभाऊंनी, आज सगळ्यांसमोर सांगून टाकलं — नव्या मशीनला आठ वेगळे कंट्रोलर. जळगावचा डीलर चहा पिऊन खुशीत गेला.

पवनचक्कीचं पातं घासायचं मशीन. साठ मीटर रूळ, त्यावर आठ गाड्या. प्रत्येक गाडी पुढे-मागे, वर-खाली, आत-बाहेर हलणार. म्हणजे चोवीस अक्ष. आणि प्रत्येक गाडीचा मेंदू वेगळा! एकीचं लाल बटण दाबलं तर तीच थांबणार, बाकीच्या सात येतच राहणार. मी विचारलंच. भाऊ म्हणाले, "तू वायरी जोड. डिप्लोमा अर्धा सोडला, तो आता मीटिंगमध्ये पुरा करतो का?"

सगळे हसले. रुपचंद सरसुद्धा. ते इंजिनियर आहेत, त्यांना कळतं. म्हणूनच त्यांचा जास्त राग येतो.

५ मार्च

जुन्या मशीनवर दोनच गाड्या आहेत, त्यांचेही कंट्रोलर वेगळे. तरी सहा बायका रुळांमधली, पात्यातल्या काचतंतूंची धूळ झाडायला आत गेल्या की माझं कामात लक्ष लागत नाही. मशीन बंद करून झाडायचं, असं भिंतीवर लिहिलंय. कोण बंद करतं? थांबलं की सुपरवायझर ओरडतो.

त्या सहा जणींत माझी आई आहे.

तिला सांगितलं तर म्हणाली, "तू कसाले भांडस रे? मना हातपाय धड शेतस ना?" आज आहेत! आज!

८ मार्च

रुपचंद सरांशी भांडलो. ते म्हणाले, "एकच मोठा कंट्रोलर घेतला आणि तोच बिघडला, तर अख्खं मशीन बंद. वेगळे असले की एक बिघडला तरी सात चालू राहतात." हे खरं आहे. मी नुसता ओरडलो.

घरी आल्यावर उत्तर सुचलं. सात चालू राहतात — अहो, हेच तर मी म्हणतोय! तिथे का सुचलं नाही? मूर्ख!

११ मार्च, मंगळवार

भाऊ फेरीला आले तेव्हा जुन्या मशीनच्या रुळावर घमेलं ठेवलं. बायकांना बाहेर काढलं, दोनदा मोजून खात्री केली. दोन्ही गाड्या चालू केल्या आणि पहिलीचं बटण दाबलं. ती थांबली. दुसरी आली आणि घमेल्याची पोळी करून पुढे गेली.

मग बायकांची मुकादम सुनंदाबाई म्हणाली, "भाऊ, घमेलं नवं लागी. आनि या पोऱ्यानं लगीन त्या बटनसंगे लाई द्या!"

सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. घमेलं हातात घेऊन उलटं-सुलटं करून पाहत राहिले.

१२ मार्च

जळगावची ऑर्डर रद्द. पुण्याहून एकच मोठा कंट्रोलर येणार, चोवीसही अक्ष एका तालात. भाऊंनी पाठीवर थाप मारली. "जिंकला रे!" मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. एक घमेलं चेपल्यावर समजतं, आणि माणूस सांगतो तेव्हा हसायला येतं!

२४ मे, शनिवार

जुन्याच्या जागी नवं मशीन उभं राहिलं. प्रत्येक वायर ओढून पाहिली. परत पाहिली. मग लाल बटण दाबलं.

आठही गाड्या जागच्या जागी! एकही हलली नाही.

१ जून, रविवार

भाऊंचा फोन आला. कंट्रोलरमध्ये अजून अक्षांना जागा आहे, म्हणून धूळ ओढणारी नववी गाडी उद्याच जोडायची. "तूच म्हणत होतास ना, आत माणूस नको? आता नसणार." सहाही बायकांना उद्यापासून कायमची सुट्टी. "तुझ्या आईला तूच सांग, घरचं माणूस आहेस."

२ जून, सोमवार

अजून सांगितलं नाही. आई रोजसारखे डबे भरतेय. दोन.