‘आजोळ’ या शब्दाखालची यादी

बाण तिथंच राहू द्या, मामा. ‘आजोळ’ या शब्दावर आहे ना? खाली यादी पडली असेल. आता माउस सावकाश खाली आणा. पहिल्या नावावर या. दुसऱ्यावर या. मिटली नाही ना? मग खुर्चीत नीट बसा आणि पुढचं वाचा. (पत्र संगमेशच्या झेरॉक्सच्या दुकानात, कॉम्प्युटरसमोर बसूनच उघडावं, असं पाकिटावर लिहितो आहे.)

नमस्कार राहिला. तो घ्या. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? इकडे आम्ही सगळे बरे आहोत, फक्त आई माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते. भाकरी ताटात जरा उंचावरून पडते.

तुमच्या भाचीच्या, वैजूच्या लग्नाची पत्रिका छापायची नाही, वेबसाइट करायची, हे डोकं माझं. चुलत्याच्या सतीशच्या लग्नपत्रिकेवर एकशे चार नावं होती. नवरीचं नाव मला सापडेना, आणि त्या पत्रिकेची मुद्रितं मीच तपासली होती. म्हणून ठरवलं, वर दोघांचीच नावं ठेवायची. बाकीची माणसं चार शब्दांखाली घडी करून ठेवायची. शब्दावर बाण आला की यादी पडते, गेला की मिटते. याला सीएसएसच्या, म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेच्या, दोन ओळी लागतात. एक सांगते, यादी लपव. दुसरी सांगते, बाण आला तर दाखव. दिवाळीची सगळी सुट्टी त्यात गेली. (बावीस वर्षं मराठी शिकवतो. दोन ओळींत इतकं नेमकं कधी लिहिलं नव्हतं. यादी पहिल्यांदा पडली तेव्हा मी उठून गच्चीवर एक फेरी मारून आलो.)

चूक पुढे झाली. पान सुटसुटीत दिसावं म्हणून शब्द आणि यादी यांच्यामध्ये मी बोटभर जागा मोकळी सोडली. ती जागा ना शब्दाची, ना यादीची. बाण तिथं आला की कॉम्प्युटरला वाटतं, पाहुणे गेले. तो यादी मिटतो. मी बाण न हलवता वाचतो, मला कळलंच नाही. तुम्ही मात्र होटगी स्टेशनात तीस वर्षं वॅगनची यादी ओळीखाली बोट धरून वाचलेली. तुम्ही बाण बोटासारखा खाली आणलात. संगमेशनं मला फोनवर सांगितलं ते असं: यादी पडली, मामा खाली आले, यादी मिटली. पुन्हा पडली, पुन्हा मिटली. सात वेळा. मग तुम्ही माउस ठेवलात आणि म्हणालात, “मी जवळ आलो की आत जात्यात की रं सगळी!”

तेव्हापासून तुमचा फोन बंद आहे. आईला कळलं. ती मला एकच वाक्य बोलली: “माज्या भावाचं नाव झाकून ठिवलंस व्हय?” झाकलं होतं खरं. पण सगळ्यांचंच झाकलं होतं, आणि त्याला ड्रॉपडाउन म्हणतात, हे तिला पटत नाही. मामा, रविवारी लग्न आहे. वैजूला हात धरून मांडवात आणायचं ते मामानं. तुम्ही आला नाहीत तर ती खोलीतून उठणार नाही, असं तिनं मला तोंडावर सांगितलं आहे, आणि ती माझ्यासारखी नाही, बोलते तसं करते.

मधली जागा मी काढून टाकली आहे. आता बाण कुठूनही आणा. यादी उघडी राहते.

तुमचा,
अभिमन्यू
सोलापूर, गुरुवार

ता. क. शनिवारीच या. आणि आल्या आल्या आईला सांगा की नाव पहिल्यापासून होतं. माझं सांगून झालं.

ता. क. दुसरा. नाव होतं, पण नववं होतं. तुम्ही घरचे, म्हणून शेवटी लिहिलं. आता पहिलं आहे.

शुक्रवार सकाळ. पाकीट चिकटवत होतो तर मामी दारात. एकट्याच, पहिल्या गाडीनं. चप्पल न काढताच म्हणाल्या, “तुजा मामा रुसला न्हाय. मी रुसले. त्येंचा फोन मीच बंद करून डब्यात टाकलाय.” तुमच्यानंतर त्या स्वतः माउस धरून बसल्या होत्या म्हणे, बाण हलू नये म्हणून मनगट दुसऱ्या हातानं दाबून. यादी शेवटपर्यंत वाचली. “शेवटाला ‘श्री. कुंडलिक आणि परिवार’. परिवार म्हंजे कोण रं, अभ्या? नाव न्हाय व्हय मला?” मी कॉम्प्युटर लावला. रंभाबाई लिहिलं. मग त्यांनी बाकीच्या आठ घरांतल्या बायकांची नावं तोंडपाठ सांगितली, तीही लिहिली. यादी आता पडद्याखाली उतरते. मामींनी चहा घेतला, आईबरोबर. म्हणाल्या, “उद्या पाठवते त्येला.” हे पत्र त्यांच्याच हाती देतो आहे.