गालातली जाळी

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे बहुधा माझं शेवटचं पत्र. उजव्या गालाच्या आत पांढरी जाळी धरली आहे. तिखट लागलं की आग होते. शेजारी हिरडीवर निळा-काळा डागही आहे. घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावून, जबडा वासून अर्धा तास आरशात पाहत होतो. तेवढ्यात आलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं, मी त्यालाच खायला उठलोय. घड्याळ टाकून पळाला.

मन हलकं करतो. लहानपणी तुझा पोपटी फ्रॉक कुत्र्याने फाडला नव्हता. मीच त्याचं पॅराशूट करून मनी मांजरीला माळ्यावरून सोडलं होतं. क्षमा कर.

उरलेत तितके दिवस माया असू दे.
तुझा धाकटा भाऊ

७ मार्च

चि. टिकटिकोबास,
अनेक आशीर्वाद.

मनी तो फ्रॉक घालूनच स्वयंपाकघरात आली होती. कुत्र्याला तुझ्यादेखत ओरडले, ते तुला लाज वाटावी म्हणून. तुला ती वाटायला चाळीस वर्षं लागली.

आता मुद्द्याचं. तुझी ती चांदी भरलेली जुनी दाढ त्याच बाजूला आहे ना? भिंगाने घड्याळं बघ. तोंड दाताच्या डॉक्टरांना दाखव. शनिवारपर्यंत गेला नाहीस, तर मी स्वतः येऊन नेईन. शाळेत इतकी पोरं वठणीवर आणली, तू कोण लागून गेलास!

पत्र वाचून घास उतरला नाही, हे तुला सांगणार नव्हते.

जिवाला जप, नाहीतर गाठ माझ्याशी आहे.
ताई

२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शनिवारीच गेलो. डॉक्टरीणबाईंनी गालाचा कण काढून तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत मी तीन घड्याळांचे काटे उलटे बसवले. पण वाईट काही निघालं नाही. त्या भरणातल्या धातूला गाल वर्षानुवर्षं टेकत होता, तो अखेर रुसला, एवढंच. बाईंनी ते काढून दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं आणि महिन्याभरात जाळी विरली. हिरडीवरचा डाग म्हणजे आत शिरलेला धातूचा चुरा. तो राहणार, पण त्याचा त्रास नाही म्हणाल्या.

बाईंनी दाढ बधिर करता करता अहवाल सांगितला तेव्हा मी खुर्चीतच रडलो. तोंडात कापूस, बोलता येईना. बाईंना वाटलं दुखतंय; त्यांनी आणखी एक इंजेक्शन टोचलं. संध्याकाळपर्यंत ओठ लोंबत होता.

पण मी शहाण्यासारखा वेळेत गेलो आणि तुझं येणं राहिलं. पाच वर्षं झाली आपल्याला भेटून. ताई, मी अगदी ठणठणीत आहे. तरीपण ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
भाऊ