नव्या कोंबड्यांचा पिंजरा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा गजानन सर्जेराव इंगवले, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा काही नाही (पूर्वी विमा कंपनीत शाखाधिकारी), मूळचा कराडचा, जिल्हा सातारा, आणि गेली त्रेचाळीस वर्षे राहणार आदर्श नगर, जयपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याने नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे. डावा कान गेला आहे. स्मरण शाबूत आहे. शाळेतल्या कविता आजही चालीसकट म्हणून दाखवीन. डॉ. अमिता बापट यांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, तिथीही सांगितली, आणि त्यांनी हात जोडले.

अशा कागदात 'मी खाली सही करणार' असे लिहायची पद्धत आहे. नोकरीत मी ते हजारदा लिहिले. इथे तो शब्द टाळला आहे. का, ते कलम पाचमध्ये येईल. वकील शर्माजींनी अमिताताईंनी केलेले हिंदी भाषांतर वाचून विचारले, "अंकलजी, ये वसीयत है या उपन्यास?" त्यांनी बरेच काही गाळायला सांगितले. मी काही गाळले नाही. त्यांनी कलमांना आकडे मात्र घालून दिले.

कलम १. सन २०१७ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात सगळे माझा एकुलता मुलगा अमेय याच्या नावे होते आणि सून सलोनी हिचे नाव कुठेच नव्हते. ते पत्र माझी पत्नी रमा वारल्यावर दीड महिन्यात केले. रमाचे सुनेबद्दलचे मत माझ्या हातून त्यात उतरले. ते मत चुकीचे आहे हे मला लिहितानाही ठाऊक होते.

कलम २. आदर्श नगरातील घर माझ्या स्वकष्टाचे आहे. वरचा मजला अमेयला. तळमजला, मागचे अंगण, अंगणातले खुराडे आणि पाण्याची टाकी ही सलोनीला, तिच्या एकटीच्या नावे. तिच्या सहीवाचून घराचा कोणताही भाग विकता येणार नाही. हे मी अमेयला आधी सांगितले आहे, म्हणजे नंतर कोणी दचकायला नको. तो विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या कारखान्यातून नुकताच आला होता, पायांत बूट तसेच.

"बाबा, मला काही कमी नाहीये. पण मतलब, तिच्या एकटीच्या नावावर?"

"एकटीच्या."

"आणि हे घर विकून पुण्याला फ्लॅट घ्यायचा म्हणत होतो, त्याचं?"

"तिला विचार. आजवर या घरात तिला कोणी काही विचारलं नाही."

तो बराच वेळ बुटाच्या नाड्या सोडत बसला.

कलम ३. बँकेतली ठेव अमेयला. माझ्या कवितांच्या वह्या, म्हणजे मी रचलेल्या नव्हेत, शाळेत शिकलेल्या आणि आठवणीतून पुन्हा उतरवून काढलेल्या अशा अकरा वह्या, येथील मराठी मंडळींच्या वाचनालयाला. ओळींत चुका असतील. त्या माझ्या आठवणीच्या आहेत, कवींच्या नाहीत.

शेजारी माथुरसाहेब यांनी आमच्या कोंबड्याच्या आरवण्याविरुद्ध नगर निगमात तीन अर्ज केले. शेवटी तो मला सांगानेरच्या एका ओळखीच्या माणसाकडे पोचवावा लागला. तेव्हापासून माथुरसाहेबांचे पहाटेचे फिरणे चुकते, असे त्यांनीच मला भाजीच्या गाडीवर सांगितले. त्यांना मी माझे गजराचे घड्याळ देतो. ते दहा मिनिटे मागे असते. पुढे करू नये.

कलम ४. कोंबड्या. आज अंगणात सात आहेत आणि गच्चीवरच्या पिंजऱ्यात तीन नव्या. या सर्व सलोनीच्या. पक्कड, जाळी, चाळणी, अंड्यांच्या दोन टोपल्या आणि दाण्याचे पत्र्याचे डबेही तिचेच.

नव्या कोंबड्या जुन्यांत कशा मिसळाव्यात याची रीत रमाची आहे. ती इथे लिहून ठेवतो, कारण ती दुसरीकडे कुठे लिहिलेली नाही. एकटी कोंबडी कधी आणू नये, निदान दोन आणाव्यात. मार वाटला जातो. पहिले तीन आठवडे त्यांना गच्चीवर वेगळे ठेवावे, रोग असला तर कळतो. मग आठवडाभर त्यांचा बंद पिंजरा अंगणात, जुन्यांच्या मधोमध ठेवावा. जुन्या-नव्यांनी एकमेकींना जाळीतून बघावे, फुत्कारावे, कंटाळावे. कंटाळा आला की अर्धे काम झाले. मग एका संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, जुन्या दांडीवर बसल्या की नव्यांना हलकेच त्यांच्या शेजारी बसवावे. सकाळी उजाडल्यावर कोण आधीची आणि कोण नंतरची हे त्यांना नीट आठवत नाही. दाणा-पाणी त्या दिवशी दोन ठिकाणी मांडावे. एक कोबी दोरीने टांगावा, म्हणजे चोचींना उद्योग राहतो.

नाव त्यानंतर ठेवावे. नावे मी ठेवत आलो, वृत्तांवरून. आमचे गुरुजी बाकावर छडीने ताल धरून वृत्ते शिकवीत आणि मला तेव्हापासून चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीत लघु-गुरू ऐकू येतात. सहा पावले झरझर आणि मग दमाने चालते ती मालिनी. चार पावले जड टाकून एकदम पळत सुटते ती मंदाक्रांता. एक आखूड, दोन लांब, असे डुलत येते तिचे नाव भुजंगप्रयात. सांगानेरला गेलेला कोंबडा शार्दूलविक्रीडित होता. पिंजऱ्यात चाल दिसत नाही, म्हणून पिंजऱ्यात नाव नाही.

कलम ५. सन २०१४ च्या मार्च महिन्यात गच्चीवरच्या पिंजऱ्यात दोन नव्या कोंबड्या होत्या. त्यांचे तीन आठवडे भरले होते. सलोनी घरात येऊन सव्वा वर्ष झाले होते. ती इथलीच, जयपूरची. माहेरी अंडेसुद्धा शिजत नाही. तरी ती कोंबड्यांना हात लावायला शिकली आणि माझ्याकडून मराठी शिकत होती. आमची शिकवणी रोज जेवणानंतर. मी कविता चालीवर म्हणायचो, ती मागून म्हणायची आणि 'ळ' आला की हसायची. मला बाबा म्हणायची.

त्या दिवशी मी नव्या वहीसाठी हातकागद आणायला सांगानेरला निघालो होतो. दारातून तिला म्हणालो, "सलोनी, नव्यांचा पिंजरा खाली ठेव." म्हणजे गच्चीवरून उतरवून अंगणात ठेव.

परत आलो तेव्हा रमा अंगणात उकिडवी बसली होती आणि तिच्या पदरात एक कोंबडी होती. डोके सोललेले होते. दुसरी टाकीमागे अंग चोरून उभी. जुन्या पाचजणी काही न घडल्यासारख्या माती उकरत होत्या. रिकामा पिंजरा गच्चीवर, स्वच्छ पुसलेला, दार उघडे.

"बाबा, मी सोडवायला गेले, पण त्या ऐकतच नव्हत्या," सलोनी म्हणाली. तिच्या मनगटांवर चोचींच्या खुणा होत्या. त्या मला तेव्हा दिसल्या, आठवल्या नंतर.

"तुला कोणी सांगितलं सोडायला?"

"तुम्हीच तर म्हणालात. खाली ठेव."

"खाली ठेव म्हणालो! सोड म्हणालो का?"

"वही तो किया, बाबा. खाली रखा." ती रडकुंडीला आली की तिची मराठी सुटायची.

"खोटं बोलतेस वर! नवीन माणसानं घरात आल्यावर आधी घराची रीत विचारावी. एवढी अक्कल नाही, आणि कविता म्हणतेय!"

हे सगळे मी बोललो. रमाने ऐकले. दुसऱ्या दिवसापासून आमची शिकवणी बंद झाली आणि मी पापाजी झालो.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा सांगानेरला गेलो. परतताना बसस्टँडबाहेर एक ऑटो उभा होता. मी वाकून विचारले, "भैया, खाली हो क्या?"

माझ्याच तोंडून तो शब्द बाहेर पडला. ऑटोवाला म्हणाला, "खाली ही हूँ, बैठो." मी बसलो नाही. तीस वर्षे मी या गावात तो शब्द असाच बोलत होतो, बसमध्ये, दवाखान्यात, कचेरीत. खाली म्हणजे रिकामा. तिला मी पिंजरा रिकामा ठेवायला सांगितले होते आणि तिने तो रिकामा करून, पुसून ठेवला होता. ऑटोवाल्याने दोनदा विचारले, "बाबूजी, चलना है कि नहीं?" आणि तो निघून गेला.

मेलेल्या कोंबडीला नाव नव्हते. पिंजऱ्याबाहेर ती जी काही पावले चालली, ती एकट्या सलोनीने पाहिली.

कलम ६. मी घरी आलो आणि बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू. अमेयसमोर नको, रमासमोर तर नकोच. सुनेची माफी मागायची म्हणजे काय, हे मला कोणत्याच कवितेत शिकवलेले नव्हते, अशी मी माझी समजूत घातली.

रमाने खुराड्याची किल्ली कमरेला लावली ती लावलीच. पुढच्या वर्षी माझ्या पुतणीचे, ऋचाचे लग्न ठरले. रमाने स्वतःची मोहनमाळ काढली, तिच्या आईची, आणि जेवणाच्या टेबलावर सर्वांसमोर म्हणाली, "ही ऋचाला. जिच्या हातात मुकं जनावर टिकत नाही, तिच्या हातात माझ्या आईची माळ मी देणार नाही." सलोनी तेव्हा मला आमटी वाढत होती. तिने डाव पूर्ण ओतला, एक थेंब सांडला नाही. मला सर्व ठाऊक होते आणि मी म्हणालो, "मीठ जरा कमी आहे."

रमा २०१७ च्या जानेवारीत गेली. तिला हे कळले नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर कोंबड्यांना पाणी घातलेले होते, खुराडे झाडलेले होते. त्या दिवसापासून आजपर्यंत सलोनीने ते चुकवलेले नाही. तिला कोणी सांगितले नव्हते.

दुपारी तीनच्या सुमारास, घरात मी एकटा असतो तेव्हा, रमा अंगणात कोंबड्या मोजते. हे मी पूर्ण शुद्धीवर लिहितो आहे. माझा डावा कान गेला आहे आणि तिचा आवाज त्याच कानात येतो. एक, दोन, तीन, असे ती बोट दाखवून मोजते, बोटाबरोबर कोंबड्यांच्या माना वळतात, हे मी खिडकीतून पाहिले आहे. शेवटी ती थांबते आणि म्हणते, "अहो, एक कमी आहे." मी सांगायला उठतो. दार उघडेपर्यंत अंगणात ऊन असते आणि कोंबड्या टाकीकडे बघत असतात. अमिताताई म्हणतात, गेलेला कान असे आवाज काढतो. काढत असेल. कोंबड्यांचे कान गेलेले नाहीत.

मोहनमाळ ऋचाची आहे आणि तिचा काही दोष नाही. ती परत मागू नये. रमाच्या चार पाटल्या कपाटात आहेत, त्या सलोनीला.

कलम ७. हे कलम मसुद्यात नव्हते. काल संध्याकाळी मी सलोनीला समोर बसवून कलम पाच आणि सहा वाचून दाखवले. हा कागद मी मेल्यावर तिने वकिलाच्या तोंडून ऐकावा, तेही भाषांतरात, हे मला बरे वाटेना. ती परातीत बाजरी निवडत होती. वाचून होईपर्यंत तिचे हात थांबले नाहीत.

मग म्हणाली, "पता है, पापाजी. अमेय ने उसी हफ़्ते समझा दिया था."

"मग बोलली का नाहीस?"

"किससे बोलती? आपको तो पता चल ही गया था."

"तुला कसं कळलं?"

"आपने वो शब्द बोलना छोड़ दिया." तिने एक खडा काढून बाजूला टाकला. "बच्चों की तरह. तळाला, जमिनीवर, पायाशी... ग्यारह साल में एक बार भी आपके मुँह से खाली नहीं सुना मैंने. मैं हर रोज़ सुनती थी कि आज बोलेंगे."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

ती म्हणाली, "मम्मीजी को बताया था?"

मी मान हलवली. नाही.

"तो फिर मुझे क्यों सुना रहे हैं?"

आवाजात राग नव्हता. मला राग चालला असता. तिने परात उचलली आणि ती अंगणात गेली, कोंबड्या आत घ्यायची वेळ झाली होती.

कलम ८. यावरून मी पुढील सूचना करतो आणि ती घर, ठेव, पाटल्या या सर्वांच्या आधी पाळावी. माझ्या शेवटच्या आजारात मला यंत्रांवर ठेवू नये, नळ्या घालू नयेत, चार दिवस ओढून धरू नये. त्यासाठी वेगळा कागद लागतो असे अमिताताई म्हणाल्या. तोही केला आहे. त्यात कारण लिहायला जागा नव्हती, म्हणून इथे लिहितो. मला एका बाईला गाठून एक गोष्ट सांगायची आहे. ती सुनेला दोष देत गेली आहे आणि तिला आधीच फार थांबवून ठेवले आहे. अमेय माया करील, म्हणेल, बाबा, अजून थोडे दिवस. त्याला हे कलम दाखवावे. सलोनीला दाखवायची गरज नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉ. अमिता बापट यांनी करावी. वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि तो खरा आहे.

सही: गजानन सर्जेराव इंगवले

आम्हा दोघांच्या देखत श्री. इंगवले यांनी सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली. आम्हांपैकी कोणासही या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

साक्षीदार:
१. डॉ. अमिता बापट, जयपूर
२. गौरांग देवधर, बँक अधिकारी, जयपूर

स्थळ: आदर्श नगर, जयपूर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५, दुपारी अडीच वाजता