सकाळच्या शब्दांची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा पुस्तकबांधणी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे की नाही, हे वाचणाऱ्याने ठरवावे. ते ठरवणे सोपे जावे म्हणून गेल्या वर्षी एका सकाळी मी काय केले ते आधी सांगतो.

त्या सकाळी मी काहीच केले नाही.

माझी पत्नी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला आहे. ती सहाला घर सोडते. त्यानंतर आमच्या मुलीची सकाळ माझ्याकडे असते. मुलगी एकवीस वर्षांची आहे. घरी तिला आम्ही निमू म्हणतो. तिला स्वमग्नता आहे. त्या दिवशी ती सातला जागी झाली आणि पलंगाच्या कडेला बसली. मी समोर खुर्चीवर बसलो, दोन्ही हात मांडीखाली दाबून, कारण हातांचा मला भरवसा नव्हता. आईने काढून ठेवलेल्या कपड्यांतला एक मोजा तिने घातला. दुसरा हातात घेतला आणि थांबली.

आठ वाजले. नऊ वाजले. मोजा हातात तसाच. ती रडली नाही, चिडली नाही, बाथरूमकडे गेली नाही. मधून मधून माझ्या तोंडाकडे पाहत होती, जसे आपण बंद पडलेल्या घड्याळाकडे पाहतो.

साडेनऊला दार वाजले. आमच्या वरच्या मजल्यावर कोर्टातले निवृत्त टंकलेखक राहतात. निमू एका सुरात गुणगुणायला लागली की ते वरून काठीने जमीन ठोकतात, म्हणून तिने त्यांचे नाव ठकठककाका ठेवले आहे. दारात तेच होते, हातात काठी.

"आज खालून आवाज नाही," ते म्हणाले. "सगळं बरं आहे ना?"

मी त्यांना आत घेतले. त्यांनी निमूकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"अहो, हिला दुसरा मोजा म्हणाला नाहीत अजून?"

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मला काय ठाऊक! चौदा वर्षं ऐकतोय. ऊठ निमू. पाय खाली. मोजा. दुसरा मोजा. चल, दात. पाणी थुंक. तोंड पूस. माझी पूजा चुकेल एक वेळ, पण हे नाही चुकायचं."

ते असे भराभर बोलत होते आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत होतो. निमूने दुसरा मोजा घातला आणि दात घासायला निघून गेली. मी तेव्हा नुसता ओशाळलो. त्याचा अर्थ कळायला मला पुढे बरेच दिवस लागले.

मी हे का केले, तर अपंगत्व भत्त्याच्या अर्जात बारावा प्रश्न असा आहे : "मदत न मिळाल्यास काय होते?" आणि मला उत्तर माहीत नव्हते. मी शपथेवर सांगितले असते की निमू स्वतःचे कपडे स्वतः घालते. माझ्या बोलण्याला मी कधी मदत समजलोच नव्हतो.

आता वाटणीकडे वळतो. ठकठककाकांनी बजावले आहे की मृत्युपत्रात गोष्टी सांगत नसतात. पण कागद माझा आहे.

कलम पहिले. राहते घर माझ्यामागे पत्नीचे. तिच्यानंतर माझी धाकटी बहीण ते विश्वस्त म्हणून सांभाळील आणि निमू हयात असेपर्यंत निमू तिथेच राहील. खिडकीजवळचा पलंग हलवू नये. रंग द्यायची वेळ आलीच, तर तिच्या खोलीला तोच फिका हिरवा द्यावा. एकदा मी हौसेने पिवळा दिला होता. ती नऊ दिवस जिन्यात झोपली.

कलम दुसरे. दुकान भाड्याचे आहे, ते मालकाला परत करावे. पुस्तके दाबायचा शिकंजा, भोके पाडायच्या आऱ्या, खळीची भांडी आणि कागद कापायचे यंत्र पत्नीने विकावे. घेणाऱ्याला आधी सांगावे की यंत्राचे पाते डावीकडे किंचित ढळते. मी पंचवीस वर्षे त्याच्याशी जुळवून घेतले. त्याला ते जमेलच असे नाही.

कलम तिसरे. माझ्या थोरल्या भावाला माझी काळी छत्री देतो. ती अकरा वर्षांपूर्वी त्यानेच नेली आहे, तेव्हा आणून पोचवायचा त्रास कुणाला नाही. निमू सहा वर्षांची असताना भर पंगतीत तो म्हणाला होता, "दोन थोबाडीत दिल्या असत्या तर केव्हाच बोलायला लागली असती." मी तेव्हा मान खाली घालून जेवत राहिलो. त्या वाक्याचा राग मी भावावर धरला, पण खरा राग माझ्या त्या घासांवर आहे. दोन्ही इथे सोडून देतो. छत्री त्याने खुशाल वापरावी.

कलम चौथे. माझी मुलगी निमू हिला मी काहीही देत नाही.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. ठकठककाका म्हणाले, "मुलीच्या नावावर काही ठेवाल तर भत्ता बंद होईल. तिचं भलं हवं असेल तर तिला वगळा." म्हणून वगळले आहे. वाचणाऱ्याने बापाला नावे ठेवण्याआधी पुढचे वाचावे.

भत्त्यासाठी आम्ही पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा निमू अठरा वर्षांची होती. तपासणीला बोलावल्याचे पत्र आले आणि माझ्यातला खेड्यातल्या शाळेचा विद्यार्थी जागा झाला. आमच्या शाळेत तपासनीस येणार असले की गुरुजी तीन आठवडे तीच उत्तरे घोटून घ्यायचे. भिंती पुसायच्या, केसांना तेल लावायचे, साहेबांपुढे शाळेची मान खाली जाऊ द्यायची नाही. मला दुसरी रीत ठाऊकच नव्हती. मी तीन आठवडे निमूची तयारी करून घेतली. नाव, पत्ता, वार, धूर दिसला तर काय करशील, अनोळखी माणूस दारात आला तर काय म्हणशील.

तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारले, "घरात धूर दिसला तर?"

निमू म्हणाली, "दार उघडून बाहेर जायचं," मग खोकली, "आणि शेजाऱ्यांना हाक मारायची."

तो खोकला माझा होता. सराव घेताना मी ज्या ठिकाणी खोकलो, बरोबर त्या ठिकाणी ती खोकली. सगळी उत्तरे माझ्या आवाजात, माझ्या दमाने आली. माझी छाती फुगली होती. सहा आठवड्यांनी पत्र आले : "अर्जदार स्वतंत्रपणे जगण्यास सक्षम आहे." मी ते देवाच्या फळीवर नेऊन ठेवले आणि हात जोडले.

पत्नी कामावरून आली, पत्र वाचले आणि तिथेच जमिनीवर बसली.

"अहो, नाकारलंय त्यांनी."

"पण लिहिलंय काय ते बघ तरी! सक्षम आहे म्हणून."

"ही परीक्षा नापास व्हायची होती," ती म्हणाली. "तुम्ही पास करून आणलंत तिला."

ती हसत होती की रडत होती, मला आजही सांगता येणार नाही. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली. तिचे बरेचसे बोलणे बरोबर निघते आणि मला ते उशिरा कळते. तिने पुन्हा अर्ज करू म्हटले की मी विषय टाळायचो. कारण सांगायची मला लाज वाटे. मी लहानपणापासून देवाला मानतो, आणि बापाने आपल्या हाताने मुलीबद्दल "हिला हे येत नाही, हिला ते येत नाही" असे लिहायचे, म्हणजे शाप दिल्यासारखे मला वाटे. वाईट बोललेले वर कुणीतरी ऐकते, असे आई सांगायची.

मग गेल्या वर्षी निमूच्या पोटात दुखू लागले आणि तिने ते कुणालाच सांगितले नाही. दोन दिवस ती नेहमीसारखी दुकानात माझ्या शेजारी बसून कागदाच्या घड्या घालत राहिली. तिसऱ्या दिवशी दुकानात कोसळली. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होते. सर्जन मला म्हणाले, "एवढं दुखत असताना ही गप्प कशी राहिली?" मी म्हणालो, "कुणी विचारलं नाही." हे बोललो आणि माझ्याच कानांवर ते पडले. रुग्णालयाच्या बाकावर मी प्रार्थनेला बसलो, पण मागायला काही सुचेना. एवढेच मनात आले की देवाला निमूचे सगळे ठाऊक आहे, त्याच्यापासून काय लपवतोस? अर्ज त्याच्यासाठी नाही. अर्ज माणसांसाठी आहे, आणि माणसांना सांगितल्याशिवाय कळत नाही.

ती बरी होऊन घरी आली, त्यानंतर महिन्याभराने ती खुर्चीची सकाळ. त्याच दिवशी मी बाराव्या प्रश्नासमोर लिहिले : "मदत न मिळाल्यास ती एक मोजा हातात घेऊन बसून राहते. मी अडीच तास पाहिले. पुढे पाहवले नाही." ठकठककाकांनी शेजारी म्हणून साक्षपत्र दिले. त्यात त्यांनी सकाळचे सगळे शब्द ओळीने टंकलिखित केले आणि शेवटी लिहिले, "वरील मजकूर मी रोज छताच्या वरून ऐकतो." पत्नीने वाचून त्यांना विचारले, "छताच्या वरून म्हणजे तुमच्या जमिनीतून ना?" ते म्हणाले, "कायद्यात दोन्ही चालतं, वहिनी."

दुसऱ्या तपासणीला त्याच डॉक्टरबाई होत्या. या वेळी मी काही घोटून घेतले नव्हते. टेबलावर निमूसमोर पाण्याचा पेला ठेवलेला होता. सकाळपासून ती पाणी प्यायली नव्हती, कारण निघायच्या गडबडीत मी "पाणी" म्हणायला विसरलो होतो. हे मला तिथे आठवले. तिची नजर पेल्यावर होती. मधून माझ्याकडे. ओठ कोरडे पडले होते. मी हात मांडीखाली घेतले. माझ्या घशात खोकला आला, तो मी गिळला.

बाईंनी आमच्याकडे पाहिले. "तहान लागलीय का तिला?"

"हो."

"पेला समोर आहे."

"हो."

"मग?"

"कुणीतरी म्हणावं लागतं, बाई."

त्यांनी पेन खाली ठेवले. आयुष्यात इतके काही मी गप्प बसून केलेले नाही. शेवटी बाईच पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, "पाणी पी, निमू." निमूने पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. बाईंनी दुसरा भरून दिला.

भत्ता मंजूर झाला. पत्रात लिहिले आहे : "अर्जदार सतत मार्गदर्शनाशिवाय जगण्यास असमर्थ आहे." हे पत्रही मी देवाच्या फळीवर ठेवले, आधीचे काढून. पहिल्या तपासणीबद्दल मला डॉक्टरबाईंचा राग होता. त्यांनी ऐकले तेच लिहिले होते, म्हणून इथे त्यांची माफी मागतो.

अर्जात मी जे लिहिले ते खरे आहे, पण पुरते नाही. तिथे रकाने मोजके होते. उरलेले इथे नोंदवतो. कागदाला एक ओढ असते. त्या बाजूने तो मुकाट वळतो, दुसऱ्या बाजूने कुरकुरतो. मला ती ओढ कागद ओला करून पाहावी लागते. निमू कागदाची कड खालच्या ओठाला लावते आणि तिला कळते. एकदा तिने मला रजिस्टरांचा गठ्ठा चिकटवू दिला नाही, माझे मनगट धरून बसली. मी ओरडून तिचा हात सोडवला. संध्याकाळपर्यंत सगळे पुठ्ठे होडीसारखे वाकले. कागद आडवा लागला होता. मी तिची माफी मागितली. तिने ऐकले की नाही कळले नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्या आधी तिने गठ्ठा तपासला.

म्हणून घडी दाबायची माझी हाडाची पट्टी निमूची. तिची किंमत शून्य आहे, असे ठकठककाकांनी लिहायला सांगितले आहे. पट्टी मला हा धंदा शिकवणाऱ्या, वडिलांसारख्या उस्तादांनी दिली होती आणि तिची एक कड माझ्या अंगठ्याने झिजली आहे. निमू ती दुसऱ्या कडेने धरते.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, हा नियमही ठकठककाकांनीच सांगितला. म्हणून त्यांना काही देत नाही. त्यांचा चेहरा थोडा पडलेला दिसला.

कलम पाचवे आणि शेवटचे. सकाळचे शब्द.

डॉक्टरबाईंच्या शब्दावर निमू पाणी प्यायली तेव्हा मला ठकठककाकांच्या शब्दांवर घातलेला तो मोजा आठवला. ते शब्द माझ्याच तोंडून यावे लागतात, असे मी एकवीस वर्षे धरून चाललो होतो. त्या समजुतीत माया होती आणि थोडा गर्वही होता. माझ्यामागे निमू पलंगावर बसून माझ्या तोंडाची वाट पाहत राहील, ही भीती मी छातीशी घेऊन फिरत होतो आणि तीच वाढवत होतो.

भत्त्यामुळे माझ्या बहिणीला शाळेतले झाडलोटीचे काम सोडून आमच्याकडे राहायला येता आले. शब्दांची यादी मी तिला लिहून दिली आणि बांधूनही दिली, कापडी पाठ लावून. मी गेल्यावर ते शब्द तिचे, तिला कंटाळा येईल त्या दिवशी पत्नीचे. असे हे कलम व्हायचे होते.

पण मग मला वाटले, यासाठी मरायची वाट कशाला पाहायची? हे कलम मी हयातीतच अमलात आणले आहे. गेल्या सोमवारी साडेसहाला, निमू उठायच्या आधी, मी चपला घातल्या, दार ओढून घेतले आणि दुकानात जाऊन बसलो. खळ शिजवायला ठेवली आणि ढवळायला विसरलो. साडेनऊला काठी टेकत ठकठककाका आले.

"तुमची बहीण दात आधी म्हणाली, मोजे नंतर," ते म्हणाले. "पण दोन्ही मोजे घातले पोरीने."

मी त्या दिवशी घरी गेलो नाही, दुपार होईपर्यंत. रोज तसेच करतो.

वरील सर्व मी वाचून पाहिले. ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

सही करणार : पुस्तकबांधणीवाला, निमूचे वडील

साक्षीदार पहिले : वरच्या मजल्यावरचे निवृत्त टंकलेखक (मजकूर लांबला आहे असे माझे मत नोंदवून सही करतो.)

साक्षीदार दुसरे : दुकानाशेजारचे चष्मेवाले

ठिकाण : दुकान, कापायच्या यंत्राजवळचे टेबल

दिनांक : अकरा फेब्रुवारी, बुधवार, सकाळी पावणेआठ. घरी या वेळी दुसरा मोजा चालू असेल.