खिडकीखालची गर्दी

सोमवार, ४ मार्च

सुटले बाई एकदाची! इतकी वर्षं दादाच्या गॅलरीत शिलाई मशीन चालवलं, वहिनीच्या ओल्या चादरी डोक्यावर घेऊन. आजपासून आख्खं घर माझं, भाड्याचं का असेना. खाली दोन खोल्या, वर एक, मागे कोठीची खोली आणि हातभर अंगण. मशीन रस्त्याकडच्या खिडकीशी मांडलं, उजेड झक्कास येतो. कोठीचं दार तेवढं हट्टी आहे. खांदा लावला, कंबर लावली, शिव्या दिल्या, तेव्हा कुठे उघडलं. मालकीणबाई फार गोड बोलतात. घर बरीच वर्षं कुलूपबंद होतं, म्हणाल्या. निघताना वहिनीने तोंडभर सांगितलं, नाही जमलं तर हक्काने परत या. चेहरा मात्र सांगत होता, या कशाला! संध्याकाळी माझ्या घरात माझा चहा प्यायले, दोनदा.

शनिवार, ९ मार्च

आज एका पँटची उंची कमी करत बसले होते, तर खिडकीसमोर ही गर्दी. गिऱ्हाइकं आली म्हणून मी आपली हसले. त्यांनी माझे फोटो काढले. पुढे गळ्यात शिट्टी अडकवलेला एक इसम मोठमोठ्याने सांगत होता, की याच घरात एकटी राहणारी, गाणं शिकवणारी बाई मारली गेली, वरच्या खोलीत, आणि मारणारा आजवर सापडला नाही. खून झालेल्या जागा दाखवत हिंडवायची म्हणे सहल असते. तिकीट काढून येतात लोक!

मालकीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, जुनी गोष्ट आहे, सांगून उगाच तुमच्या जिवाला घोर कशाला. वा गं वा. आता नाही का लागला?

शनिवार, १६ मार्च

पुन्हा आले. एक बया माझ्या पायरीवर आडवी झाली, डोळे मिटून, जीभ बाहेर काढून, आणि तिच्या नवऱ्याने फोटो काढला. माझं टाळकंच सणकलं. कपडे भिजवलेली बादली ओतली सरळ अंगावर. कुणीतरी बेशुद्ध पडेपर्यंत हसत होतं. शिट्टीवाल्याला म्हटलं, मेल्या माणसाच्या टाळूवरचं लोणी खाताना लाज कशी वाटत नाही? तो म्हणाला, ताई, तुम्ही आल्यापासून गर्दी वाढली, असंच चालू ठेवा.

त्यातला एक माणूस तेवढा बरा. राखाडी स्वेटर, पन्नाशीचा. गेल्या शनिवारीही होता, फोटो काढत नाही. लोक गेल्यावर थांबून त्याने माझी माफी मागितली. म्हटलं, आहे एखादा माणसात.

बुधवार, २० मार्च

स्वेटरवाला आज कोट घेऊन आला, बटण लावायला. राखाडी दोरा कोठीत होता आणि दार काही उघडेना. तो उठला, म्हणाला, सरका जरा. एका हाताने कडी वर उचलली, पायाने खालून फळी दाबली. दार मुकाट उघडलं. मी हसून म्हटलंसुद्धा, तुमच्या हाताला यश आहे. त्याने आभार मानले, कोट घातला, गेला.

गुरुवार, २१ मार्च

त्याला कसं ठाऊक?

सकाळपासून हेच डोक्यात. बाजारात शिट्टीवाला भेटला, तर त्याच्याकडूनच काढून घेतलं. सहल कधीच घरात गेलेली नाही, मालकीणबाई कुणाला आत येऊ देत नसत. त्या बाईनंतर थेट मीच. मग स्वेटरवाल्याबद्दल विचारलं, तर पठ्ठ्या खूश. म्हणे आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, आमच्या चुका दुरुस्त करतात ते. आधी आम्ही सांगायचो की बाई झोपेत गेली. त्यांनी सांगितलं, नाही, ती जागी होती, खिडकीकडे पळाली होती. किती अभ्यास बघा, म्हणाला.

अभ्यास! अरे दगडा!

शुक्रवार, २२ मार्च

चौकीत गेले. तिथला पोलीस हसत सुटला. म्हणाला, सहल निघाल्यापासून दर आठवड्याला कुणीतरी खुनी पकडून आणतं, मागच्या वेळी तर शिट्टीवाल्यालाच आणलं होतं. दाराची कडी उचलणं हा गुन्हा नाही म्हणे. मी टेबलावर हात आपटला. त्याने पाणी विचारलं.

दादा म्हणतो, सोमवारी टेम्पो घेऊन येतो, तोवर आमच्याकडे ये. मी का जाऊ? मी काय केलंय? मेली ती बाई, लपायचं मी, आणि तो उजळ माथ्याने तिकीट काढून फिरणार? नाही जात.

शनिवार, २३ मार्च

आज सहल आली नाही. भिंतीवर कागद चिकटवून गेले. उद्या दुपारी खास प्रयोग – घटना घडली तशी, करून दाखवणार. खुन्याच्या भूमिकेत आमचे जाणकार सदस्य.

जाणकार.

कागदावरच्या नंबरवर शिट्टीवाल्याला फोन केला. घसा फोडून सांगितलं, तोच आहे, तोच आहे रे तो! तो म्हणाला, व्वा ताई, उद्या हेच म्हणा, अगदी असंच.

पुढच्या दाराला कड्या लावल्या, मागच्याला कडी नाही, कुलूप घातलं. कात्री जवळ ठेवलीय. राग आलाय. भीतीही वाटतेय, असू दे.

रविवार

तो आत आहे.

मागच्या दाराची चावी – शिट्टीवाला खाली कौतुकाने सांगत होता – मालकीणबाईंनी प्रयोगासाठी त्याला दिली, त्याने ह्याला. मला कुणी विचारलं? माझं घर ना हे?

वर पळाले. दाराला पलंग लावलाय. फोन, कात्री खाली, मशीनवर. जिन्यावर आहे तो. घाई नाही त्याला.

खिडकीतून ओरडले. खरंच मारतोय, खरा खुनी आहे, वर या! सगळ्यांनी ऐकलं. सगळे वर बघतायत. फोन वर केलेत –

टाळ्या वाजवल्या. मेल्यांनो. टाळ्या.

शिट्टीवाला सांगतोय, बघा, ती जागी होती, खिडकीकडे पळाली –

पलंग सरकतोय.

हे लिहून ठेवते. मी नाटक करत नव्हते. स्वेटर, राखाडी, पन्नाशी, डाव्या –

पुन्हा ओरडले. खालून एक बाई म्हणतेय, अजून एकदा, मागे नीट ऐकू आलं नाही –