एकदाच विचारायचं

फणसवाडी, गिरगाव
रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर
(माझं अर्धंच झालं आहे; कारण पुढे येईल.)

तीर्थस्वरूप अभयदादा यांस,

हेमचंद्रचा वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरल्यामुळे सध्या जेवढं वाकता येतं तेवढाच; उरलेला मनातून धरावा. वास्तविक मी तुमच्या घरचा जावई, म्हणजे नमस्कार घेणाऱ्या बाजूचा. पण तुम्ही वयाने मोठे आहात आणि या घटकेला माझी बाजू कोणती हेच नक्की नाही.) वहिनींचं पित्त, तुमचा गुडघा आणि परसातला पंप या तिघांनाही उतार पडला असेल अशी आशा करतो. 'इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत' असं या ठिकाणी लिहायची रीत आहे, पण रे रोडच्या लाकडाच्या वखारीत अठ्ठावीस वर्षं मापं लिहिणाऱ्या माणसाने डोळ्यांनी न पाहिलेलं माप लिहू नये. म्हणून खरं ते लिहितो: नम्रता सुखरूप आहे, रुचा सुखरूप आहे. माझं खाली.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्ही म्हणाल. आमच्या दोन खोल्यांत एकाने फोनवर बोललेलं तिघांना ऐकू जातं, आणि माझे मेसेज रुचा माझ्या आधी वाचते. शिवाय फोनवर तुम्ही 'हां, हां' करता, त्यातला कुठला 'हां' संमतीचा आणि कुठला 'ठेव आता'चा हे मला अजून उमगलेलं नाही.

मुद्दा आधी सांगतो. नम्रताला ॲडलेडच्या वृद्धाश्रमात नर्सची नोकरी लागली हे तुम्हाला ठाऊकच आहे. कुटुंबाचे कागद येत्या शुक्रवारी जायचे आहेत. त्यात आज दोन नावं आहेत, नम्रता आणि रुचा. माझं नाही. ते कुणी कापलं नाही, मीच 'येत नाही' म्हणालो आहे. शुक्रवारनंतर माझा विचार बदललाच तर वेगळा अर्ज, वेगळी रांग, आणि किती महिने ते एजंटबाईंनाही सांगता येत नाही. मी 'नाही' कसं म्हणालो हे क्रमवार लिहितो, कारण तुमची बहीण हे तुम्हाला तीन वाक्यांत सांगेल आणि तिसऱ्या वाक्यात हसेल. (या पत्रात जिथे 'तुमची बहीण' असं येईल तिथे मी रागावलेलो आहे असं समजावं. एरवी 'नम्रता' लिहीन.)

सुरुवात एका शब्दापासून झाली. एजंटबाईंच्या कचेरीत आमचा अर्ज भरताना माझ्या नावापुढे 'डिपेंडंट' असं आलं. मी घरी येऊन शब्दकोश काढला. अवलंबून असलेला, आश्रित, परपोषित. शेवटचा अर्थ मी दोनदा वाचला. दादा, दहावीनंतरचं सगळं शिक्षण मी स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्याच हाताखाली घेतलं आहे. इंग्रजी मी वर्तमानपत्रातून उचललं. बर्माचा साग आणि घानाचा साग मी नुसत्या वासावरून सांगतो. (परपोषित म्हणजे बांडगूळ, आणि बांडगुळाचं लाकूड कुठल्याही वखारीत घेत नाहीत.) नम्रता म्हणाली, 'अहो, तो नुसता रकाना आहे.' रकाना असेलही, पण त्यात मी आहे ना! मग मी ठरवलं, कागदावर आश्रित तर आश्रित, पण या कुटुंबाला ऑस्ट्रेलियासाठी तयार करायचं काम माझं. नोकरी तिने आणली, संस्कृती मी आणीन.

तीन आठवडे मी अभ्यास केला. व्हिडिओ पाहिले, वाचलं, आणि आमचा जुना शेजारी नॉर्मन, ज्याची मुलगी सॅन्ड्रा ॲडलेडलाच असते, त्याला रोज संध्याकाळी गाठून प्रश्न विचारले. (नॉर्मन शेवटी मला बघून जिना बदलायला लागला.) मग रात्रीच्या जेवणानंतर मायलेकींना धडे. तिकडे 'हाऊ आर यू' हा प्रश्न नसतो, त्यामुळे त्यावर पित्ताची माहिती द्यायची नाही. तिकडे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात. (हे मी शिकवायला नको होतं. दुसऱ्याच दिवशी रुचा ताटावर बसून म्हणाली, 'हेमचंद्र, मीठ द्या.' 'द्या' म्हणाली, तेवढाच आपला संस्कार शिल्लक.) पण सगळ्यांत मोठा फरक मी शेवटी सांगितला आणि तो त्यांच्याकडून घोकून घेतला. आपल्याकडे पाहुण्याने 'नको' म्हणायचं आणि आपण वाढायचं. तिकडे तसं नाही. तिकडे माणूस 'नो' म्हणाला की नो. पुन्हा विचारणं हा अपमान. तेव्हा एकदाच विचारायचं. नम्रताने विचारलं, 'आणि त्याला हवं असून लाजेने नको म्हणाला असला तर?' मी म्हटलं, 'तिकडे लाजत नाहीत.' हे वाक्य मी फार खात्रीने म्हटलं होतं.

योगायोगाने सॅन्ड्रा तिच्या ऑस्ट्रेलियन नवऱ्याला, ग्रॅहमला, माहेर दाखवायला घेऊन आली. म्हटलं, परीक्षेला इतका चांगला नमुना पुन्हा मिळायचा नाही. बुधवारी जेवायला बोलावलं. नम्रताने परळच्या इस्पितळात पाळी बदलून घेतली आणि वालाचं बिरडं, पुऱ्या, मसालेभात केला. खरवसाचा चीक मी स्वतः भायखळ्याच्या एका दूधवाल्याकडे चार दिवस आधी सांगून ठेवला होता. ऐनवेळी सॅन्ड्राचं डोकं दुखायला लागलं, म्हणून नॉर्मन एकटाच जावयाला घेऊन आला. सहा फूट दोन इंच माणूस. (दाराची चौकट सहा फुटांची आहे, त्यामुळे मला अंदाज करावा लागला नाही, आवाजच आला.)

आता वाढण्याची आपली रीत तुम्ही जाणताच. पहिली वाढ चवीपुरती. दोन पुऱ्या, डावभर बिरडं, भाताची एवढीशी मूद. खरं जेवण सुरू होतं ते पहिल्या 'नको'नंतर. ग्रॅहमचं ताट चार मिनिटांत स्वच्छ झालं. नम्रताने पुऱ्यांची परात पुढे केली. तो हसून पोटावर हात ठेवून म्हणाला, 'नो थँक्स, आय ॲम राइट.' मी मनात म्हटलं, तू बरोबर असशीलच, पण मग चूक कोण? (हे त्यांचं 'पुरे' आहे, असं पुढे कळलं. माझ्या अभ्यासातून तेवढं निसटलं होतं.) नम्रताचा हात सवयीने ताटाकडे निघाला, मी डोळ्यांनी थांबवला. परात मागे गेली. बिरडं? 'नो, नो.' मागे. भात? 'आय ॲम राइट.' मागे. खोलीत इतकी शांतता मी फक्त बारावीच्या निकालाच्या दिवशी ऐकली आहे, शेजारच्यांच्या. ग्रॅहम परातीकडे बघत होता, मी घड्याळाकडे, नम्रता माझ्याकडे. फक्त नॉर्मनची गाडी चालू होती, त्याला विचारावं लागत नाही आणि त्याने कधी नको म्हटलेलं नाही. सातव्या पुरीला तोही थांबला. 'काय रे हेमू,' तो म्हणाला, 'माझ्या जावयाला वाढायला तुझा हात मोडला काय, मॅन?' मी त्याला खुणेने सांगितलं, गप्प बस, हे आंतरराष्ट्रीय आहे. मग खरवस आला. वाटी समोर ठेवत नम्रताने विचारलं. ग्रॅहमने वाटीकडे पाहिलं, एक आवंढा गिळला आणि अतिशय सभ्यपणे 'नो' म्हणाला. खरवस रुचाने खाल्ला. त्याच्यासमोर.

मला सांगायला अभिमान वाटतो की त्या रात्री मी समाधानाने झोपलो.

गुरुवारी सकाळी खालून सॅन्ड्राचा आवाज आला. ही पोरगी आमच्या जिन्यावर वाढली, तिला वर येऊन बोलायची सवय नाही. सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, 'हेमूअंकल, काय केलं तुम्ही! माझा नवरा तुमच्याकडनं उपाशी आला! कोपऱ्यावर तीन ऑम्लेट-पाव खाल्ले त्याने!' मग उलगडा झाला. दादा, तिने येण्याआधी त्याला बजावून ठेवलं होतं की महाराष्ट्रीय घरी पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा वाढतील तेव्हा घ्यायचं, नाहीतर हावरट समजतात. बिचारा प्रत्येक पदार्थाला पहिला नकार देऊन पुढच्या आग्रहाची वाट बघत बसला होता. म्हणजे एका ताटापाशी आम्ही ऑस्ट्रेलियन होऊन बसलो होतो आणि तो गिरगावकर.

यावर तुमची बहीण हसली. हसण्याला माझी ना नाही, पण त्याला काही प्रमाण असतं. ती भिंतीला टेकून हसली, मग खाली बसून हसली, मग रुचाने 'तिकडे लाजत नाहीत' असं माझ्या आवाजात म्हणून दाखवलं आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या. गॅलरीत लोक. खाली सॅन्ड्रा. मी शर्टाची बटणं लावत होतो, ती एक घर चुकून लागली. मी म्हणालो, 'मी आश्रित आहे ना? मग तुम्ही दोघीच जा. मी येत नाही.'

ती हसायची थांबली. माझ्याकडे बघून तिने विचारलं, 'येत नाही?'

मी म्हटलं, 'नाही.'

'बरं,' ती म्हणाली. आणि दुधाखालचा गॅस बंद केला.

बस्स, एवढंच. दादा, तुमच्याच घरी मी पहिल्या दिवाळसणाला 'श्रीखंड नको' म्हणालो होतो, तेव्हा तुमच्या आईंनी चार वेळा वाढलं होतं. आपल्याकडे माणूस 'येत नाही' म्हणतो तेव्हा 'असं काय करता, चला' म्हणायचं असतं. मग तो 'माझं काय काम तिकडे' म्हणतो. मग 'तुमच्याशिवाय घर कसलं' म्हणायचं असतं. मग तो 'बघू' म्हणतो आणि बॅगेला कुलूप कुठलं लावायचं ते काढायला लागतो. मी संध्याकाळपर्यंत दुसऱ्या विचारण्याची वाट पाहिली. रात्री पाहिली. शुक्रवारी दुपारी तिने एजंटबाईंना फोन केला, माझ्यासमोर, शांतपणे: 'दोघींचंच करा.' फोन ठेवून मला म्हणाली, 'तुम्हीच म्हणालात ना, पुन्हा विचारणं हा अपमान.' यात टोमणा किती आणि रडू किती, हे माप मला घेता आलं नाही. तिने लगेच पाठ केली होती.

तेव्हापासून घरात सगळं नियमाने चाललं आहे. कुणी भांडत नाही. डबा वेळेवर मिळतो. जेवताना ती विचारते, 'पोळी?' जन्माच्या सवयीने माझ्या तोंडून 'नको' जातं आणि डब्याचं झाकण बसतं. आज मुगाची आमटी होती, तुम्हाला आठवत असेल, ती कशी करते. 'आमटी?' 'नको.' झाकण. रुचा मान खाली घालून जेवत होती, आज तिने मला नावानेही हाक मारली नाही. कपाटावरून काल दोन बॅगा उतरल्या. मी खाली उतरवायला मदत केली, कारण एक चाक अडकत होतं. तेल घातलं. आता सरळ चालते.

मी ठाम आहे, हे लक्षात ठेवावं. इथे माझी वखार आहे, माझा मान आहे, रे रोडला मला विचारल्याशिवाय ओंडका हलत नाही. ॲडलेडला माझं कोण अडून बसलंय! एकट्या माणसाला दोन खोल्या म्हणजे चैन. मी हे दुःखाने लिहीत नाही, निव्वळ माहितीसाठी लिहीत आहे.

वहिनींना नमस्कार. पंपाला वंगण घालावं. गुडघ्याला घालू नये.

आपला,
हेमचंद्र
(अजून तरी जावई)

ता. क. हे पत्र उद्या सकाळी स्पीड पोस्टाने टाकतो, म्हणजे बुधवारी तुमच्या हातात पडेल. उत्तराची अपेक्षा नाही.

ता. क. २. बुधवारी संध्याकाळी नम्रता सातनंतर घरी असते. तुम्ही सहज म्हणून तिला फोन केलात आणि बोलण्याच्या ओघात 'हेमचंद्ररावांना पुन्हा एकदा विचारून बघ' असं तुमच्या तोंडून निघून गेलं, तर ते तुमचं मत समजलं जाईल. माझं नाव येता कामा नये. तिने विचारल्यावर मी पहिल्यांदा 'नाही'च म्हणेन, हे तिला आधी सांगून ठेवा. (कदाचित नाही म्हणणार नाही. पण तिची तयारी असावी.)

ता. क. ३. ती तुम्हाला म्हणेल, 'राहू दे दादा, त्यांची इच्छा नाही.' तेवढ्यावर फोन ठेवू नका. ती तुमच्याच घरात वाढली आहे, तिचंही पहिलं 'राहू दे' आपल्यातलंच असेल. दुसऱ्यांदा म्हणा. तिसऱ्यांदा म्हणा. तिसऱ्यांदाही ती 'राहू दे' म्हणाली, तर मात्र मला फोन करू नका. पत्र पाठवा, साधं, बिनघाईचं. तेवढे दिवस तरी मला 'अजून उत्तर आलं नाही' असं म्हणता येईल.